अळसांद्याच्या मुळाशी

वास्कोहून वेर्ण्याकडे जाताना झुआरीनगरच्या पठारावर खताचा कारखाना लागतो. सत्तरच्या दशकापासून तो तिथे उभा आहे, आणि माझ्या पिढीच्या गोवेकराला युरिया म्हटले की ‘जय किसान’ छापाची गोणीच डोळ्यांसमोर येते. रिकामी गोणी धुऊन तिचे काय काय व्हायचे ते गावात वाढलेल्यांना सांगायला नको: पावसात डोक्यावरची खोळ, खळ्यात वाळवणाचे पाथरण, शाळेच्या गॅदरिंगला बसायचे आसन. युरियासाठी आधी अमोनिया लागतो. तो करायला हवेतला नत्र (नायट्रोजन) आणि हायड्रोजन एकत्र आणून चारशे अंशांच्या वर तापवतात, वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब देतात, मध्ये लोखंडाचा उत्प्रेरक ठेवतात, तेव्हा कुठे दोघांचे जमते. मग त्याचा युरिया. शंभर किलोत ४६ किलो नत्र.

पेडण्यात आमच्या खेरीतल्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या खाचरात, अळसांद्याचे (चवळीचे) मूळ हेच काम डिसेंबरच्या थंडीत, मातीच्या उबेवर करते. धूर नाही, रात्रपाळी नाही. फुकट मात्र नाही. नत्राचा एक रेणू फोडायला एटीपीचे, म्हणजे पेशीतल्या शक्तीच्या चलनाचे, १६ रेणू खर्ची पडतात आणि ती सगळी शक्ती पानांनी उन्हात बनवलेल्या साखरेतून येते. म्हणजे झाड स्वतःच्या ताटातले काढून देते. ‘निसर्ग सगळे मोफत देतो’ असे कुणी शेतीच्या मेळाव्यात माइकवरून सांगू लागले की मला उठून हा सोळाचा आकडा सांगावासा वाटतो. पण तेवढ्यात चहा येतो आणि राहून जाते.

अळसांदे म्हणजे चवळीच, हे खरे. पण म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी अळसांदे घेऊन बसलेल्या बाईला कुणी चवळीचा भाव विचारला, तर ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळते. टपोरा दाणा, शिजल्यावर अख्खा राहणारा आणि आतून मऊ. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातले तोणाक आणि पोदेराने दारात टाकलेले पाव, यावर आमच्याकडे रविवारची अर्धी सकाळ निघते. जुन्या गोव्यात एला येथे जी केंद्रीय किनारपट्टी कृषी संशोधन संस्था आहे, तिने ‘गोवा काउपी-३’ नावाचे वाणही काढले आहे. तरी आमच्या भागात घरचे बी घरी ठेवायची रीत अजून टिकून आहे. राखेत घोळून, बाटलीत भरून, वर घट्ट बूच.

मोरड, खेर आणि खाजन या तीन शब्दांत आमच्या जमिनीची सगळी कुळकथा येते. मोरड वरची, पावसावरची. खाजन खाडीकाठची, मानशीच्या (खाडीचे पाणी अडवणाऱ्या) दारांवर चालणारी, खारी. खेर मधली. सरदाचे भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून झाले की खेरीच्या मातीत ओल राहते, आणि त्या उरल्यासुरल्या ओलीवर अळसांदे, कुळीथ, मूग येतात. ज्यांच्याकडे पाणी आहे ते वायंगणी भात किंवा मिरची करतात. आमच्याकडे एक आटत चाललेली झर आहे, म्हणून अळसांदे.

आता मुळाकडे वळते. शेंगवर्गीय झाडाचे कोवळे मूळ मातीत फ्लेव्होनॉइड नावाची द्रव्ये सोडते. मातीतले ठरावीक जिवाणू ती ओळखतात आणि उलट स्वतःचा रासायनिक निरोप पाठवतात. निरोप पटला तर मुळाचा केस टोकाशी वाकतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतल्या आत एक बारीक नळी तयार करून त्याला गाभ्यापर्यंत नेतो. तिथे पेशी वाढून गाठ तयार होते. गाठीत गेलेला जिवाणू मग पहिल्यासारखा मोकळा राहत नाही. तो रूप बदलतो आणि हवेतला नत्र अमोनियात बदलायच्या कामाला लागतो. ज्या विकराच्या (एन्झाइमच्या) जोरावर तो हे करतो त्याला प्राणवायू सोसत नाही आणि जिवाणूला तर श्वासाला प्राणवायू हवाच. ही अडचण झाडाने ज्या रीतीने सोडवली आहे ती वाचून मी थक्क झाले होते. गाठीत लेगहिमोग्लोबिन असते, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचे सख्खे भावंड. ते प्राणवायू धरून ठेवते आणि मोजून-मापून पुरवते. म्हणून चांगली गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी, कधी चक्क लालसर दिसते.

गोव्याच्या माणसाला या सगळ्याची एक उपमा चटकन सुचते: भाटकार आणि मुंडकार. भाटकाराने राहायला जागा द्यायची, मुंडकाराने भाटात काम करायचे, राखण करायची. झाडाने गाठीचे घर बांधून दिले, वर साखरेचा शिधा. जिवाणूने नत्र द्यायचा. आणि काम न करणाऱ्याचे काय, हा भाटकाराला पडणारा प्रश्न झाडालाही पडतो. २००३ साली टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवती नत्र नसलेली हवा खेळवली, म्हणजे आतल्या जिवाणूंना काम करणे अशक्यच झाले. तेव्हा झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आखडता घेतला आणि तिथल्या जिवाणूंची वाढ खुंटली. उपमा इथवर चालते, पुढे नाही. कारण हंगाम संपला, गाठ कुजली, की यातले काही जिवाणू मोकळे होऊन मातीत परततात. मुंडकाराला तेवढे सोपे नव्हते. त्याच्या डोक्यावरचे छप्पर टिकावे म्हणून १९७५ साली कायदा करावा लागला.

गाठी पाहायच्या तर झाड उपटायचे नाही. उपटले की गाठी मातीतच राहतात आणि आपण उगाच निराश होतो. पेरणीनंतर पाच-सहा आठवड्यांनी, पहिल्या कळ्या दिसू लागल्या की खुरपीने लांबून गोल खणायचे, मातीचा गड्डा तसाच बादलीतल्या पाण्यात सोडायचा आणि थोडा वेळ दुसरे काहीतरी करायचे. माती आपोआप खाली बसते. मग मूळ हातात घेतले की तळहातावर गोल, टणक, फिकट तपकिरी मणी येतात. मोहरीपासून मिऱ्याच्या आकारापर्यंतचे. आतून पांढरी असेल तर ती गाठ अजून कामाला लागलेली नाही किंवा कधी लागणारच नाही, हिरवट असेल तर तिचे दिवस भरले. गाठी कुठे आहेत तेही पाहण्यासारखे असते. सोटमुळाच्या वरच्या भागात, बी जिथे रुजले त्याच्या आसपास दाटी असेल, तर बियाण्याला लावलेले जिवाणू लागू झाले असा अंदाज बांधता येतो. बाजूच्या बारीक मुळांवर दूरदूर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीत आधीपासून असलेल्यांच्या. हे मला कृषी विज्ञान केंद्रातल्या एका तरुण शास्त्रज्ञाने बांधावर उकिडवे बसून दाखवले. ‘बाई, गाठी मोजू नका, फोडा,’ एवढेच तो म्हणाला. मुलांच्या वह्या तपासताना पाने मोजणारे सहकारी मी पाहिले आहेत, त्यामुळे मला ते लगेच पटले.

बियाण्याला लावायचे हे जिवाणू पाकिटातही मिळतात, आणि त्यांचा इतिहास तसा जुना आहे. १८८६ साली हेलरीगेल यांनी जर्मनीत दाखवून दिले की शेंगवर्गीय झाडे हवेतला नत्र घेतात ती या गाठींमुळे. १८८८ मध्ये हॉलंडमधल्या बायरिंक यांनी गाठीतला जिवाणू वेगळा करून वाढवला, आणि १८९६ पर्यंत नोब्बे आणि हिल्टनर यांनी त्याचे ‘निट्रॅजिन’ नावाने पेटंट घेऊन विकायलाही सुरुवात केली. शोधापासून दुकानापर्यंत दहा वर्षे! आपल्याकडे या जिवाणूंवरचा पहिला अभ्यास १९२० साली एन. व्ही. जोशी यांनी केला. नाव वाचून माझ्यातली मराठी बाई जरा ताठ बसली, हे लपवत नाही.

आमच्याकडे हे पाकीट पहिल्यांदा आले ते शेतकी खात्याच्या झोनल ऑफिसातल्या एका प्रशिक्षणातून. पाव किलोचे, काळ्या भुकटीचे. दहा किलो बियाण्याला एक पाकीट. गूळ पाण्यात उकळून पूर्ण थंड करायचा (कोमट असतानाच घाई केली तर पाकिटातला जीव तिथेच जातो), त्यात भुकटी कालवायची, बियाण्याला हलक्या हाताने चोळायची, सावलीत वर्तमानपत्रावर पसरायचे आणि त्याच दिवशी ऊन उतरल्यावर पेरायचे. बुरशीनाशक लावायचे असेल तर आधी ते, जिवाणू सगळ्यांत शेवटी. मी माडाचा गूळ वापरते. घरात असतो म्हणून, दुसरे कारण नाही.

शेजारच्या आते कुंपणापलीकडून बघत होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या घरात, शेतीचा अनुभव त्याहून चार-पाचच वर्षांनी कमी.

‘बाये, बियांना काजळ कसले लावतेस गो?’

‘जिवाणू आहेत, आते.’

‘जिवाणू म्हणजे जंतू ना?’

‘चांगले जंतू.’

‘चांगले जंतू माझ्या कुणग्यात फुकट आहेत. तू विकत आणलेस?’

गंमत अशी की आतेंचे म्हणणे शास्त्राला धरून होते. चवळी या बाबतीत फार चोखंदळ नाही. हरभऱ्याला त्याचाच जिवाणू लागतो, दुसरा चालत नाही. अळसांदे, कुळीथ, मूग, भुईमूग ही मंडळी मात्र ब्रॅडीरायझोबियम गटातल्या अनेकांशी जुळवून घेतात आणि असे जिवाणू उष्ण प्रदेशातल्या मातीत मूळचेच असतात. आतेंच्या कुणग्यात त्यांच्या सासूच्या काळापासून दर हिवाळ्यात अळसांदे किंवा कुळीथ पडत आले. तिथे पाकिटातले नवखे जिवाणू गेले तर त्यांना आधी गावातल्यांशी टक्कर द्यावी लागते, आणि मातीशी जुळलेले स्थानिक बहुतेक वेळा जिंकतात. मी आमच्या कुणग्यात अर्ध्या ओळी पाकीट लावून आणि अर्ध्या न लावता पेरून पाहिल्या. शेंगांत डोळ्याला दिसेल असा फरक पडला नाही. आमचाही कुणगा वहिवाटीतलाच होता.

मग पाकीट कुणासाठी? जिथे यजमानच राहिला नाही त्या जमिनीसाठी. शेंगवर्गीय पीक वर्षानुवर्षे घेतले नाही की हे जिवाणू मातीत विरळ होत जातात. भाताचे पाणी महिनोन्महिने साचून राहिले की श्वासाला हवा लागणाऱ्या या जातीचे आणखी हाल. भातानंतरच्या पडीक शेतात पहिल्यांदा कडधान्य घ्यायचे तर बीजप्रक्रिया करायला सांगतात ती याच कारणाने. खर्च मूठभर, आणि लागू पडली तर फायदा मोठा. लागू पडेलच अशी खात्री मात्र कोणी देऊ नये. पाकिटावर छापलेले ‘उत्पन्नात हमखास वाढ’ हे शब्द मला वाचवत नाहीत.

त्यातून पाकीट जिवंत हवे. खत नियंत्रण आदेशाप्रमाणे भुकटीच्या एका ग्रॅममध्ये निदान पाच कोटी जिवाणू असायला हवेत, आणि ते मरू नयेत म्हणून पाकीट थंड जागी ठेवायला हवे. एका दुकानात मी ही पाकिटे पत्र्याच्या छपराखाली, कीटकनाशकाच्या डब्यांना टेकून ठेवलेली पाहिली. मे महिना होता. वर सोयाबीनचे पाकीट पुढे करून, ‘सगळ्या कडधान्यांना चालते’ असेही ऐकवले. मी पिकाचे नाव आणि अंतिम तारीख वाचायला चष्मा काढला तेव्हा दुकानदाराचा चेहरा पडला. युरिया शिळा झाला तरी युरियाच असतो, गोणीत दगड होऊन बसेल फार तर. इथे तसे नाही.

आणि एवढे करूनही खरी गोम वेगळीच असते. गोव्याची जांभ्याची माती बहुतेक आम्लधर्मी. आमच्या मृदा आरोग्य पत्रिकेत सामू (पीएच) साडेपाचच्या खाली निघाला. या जिवाणूंना साडेसहा-सातच्या आसपास बरे वाटते. आम्ल मातीत ॲल्युमिनियम विरघळून मुळांना जाचते, मुळाचे केस नीट वाढत नाहीत, आणि जिवाणूला तर शिरायचे असते त्या केसांतूनच. स्फुरद (फॉस्फरस) लोहाला चिकटून बसतो. मॉलिब्डेनम जमिनीत असूनही हाती लागत नाही, आणि नत्र फोडणाऱ्या त्या विकराला लोखंडाबरोबर थोडा मॉलिब्डेनमही लागतोच. लोखंडाची ददात आम्हाला नाही. मुरगाव बंदरातून जहाजे भरभरून बाहेर धाडले तरी प्रत्येक ढेकळात ते उरलेच आहे. गाठीच्या गुलाबीपणातले लोखंडही इथलेच. नडते ते चिमूटभर दुसरेच काही.

त्यावर उपाय साधे आहेत आणि म्हणूनच कदाचित त्यांची जाहिरात होत नाही. शेतात चुना, पेरणीच्या बरेच आधी. आमच्याकडे शिंपल्यांचा भाजलेला चुना मिळतो, तो जमिनीला चालतो. बियाण्याला मात्र तो लावायचा नाही, त्याच्या दाहकतेने जिवाणू जातील. बियाण्यावर थर द्यायचा तर न भाजलेल्या चुनखडीच्या बारीक भुकटीचा. स्फुरदासाठी रॉक फॉस्फेट, ते आम्ल मातीतच हळूहळू विरघळते. युरियाचा हात आखडता, कारण मातीत आयता नत्र भरपूर दिसला की झाड गाठी बांधायच्या भानगडीत पडत नाही. एका हंगामात आमच्या ‘हिरवेगार दिसू दे’ म्हणणाऱ्या दिरांनी पेरणीनंतर दोन मुठी टाकल्याच. पाला इतका माजला की मावा थव्याने आला.

आणखी एक समज बरीच वर्षे ऐकत आले आहे: कडधान्य घेतले की जमीन आपोआप सुधारते. निम्मे खरे. गाठींतला नत्र बराचसा दाण्यात जातो आणि दाणा तर आपण तोणाकात घालतो. शेंगा तोडल्यावर वेल उपटून गोठ्यात नेले तर उरलेलाही गेला. मुळे आणि पाला जागेवर राहिला, कुजला, तरच पुढच्या सरदाच्या भाताला काही मिळते. आते वेल कापतात, उपटत नाहीत. कारण विचारले तर म्हणतात, उपटायला कंबर लागते.

आमच्या बांधावरून उत्तरेला पाहिले की आता सलग कुणगे पडीक दिसतात. काहींत लाजाळू आणि रानतुळस, काहींत बाभळी. विमानतळ मोप्याला आल्यापासून पेडण्यातल्या जमिनीचे भाव कानावर येतात ते शेतीच्या हिशेबातले नसतात. पण पडीक ठेवण्यामागे नुसता भाव नाही. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्याच्या हाती जमीन आली, आणि ते व्हायलाच हवे होते. माझ्या आजोबांचे घर त्यावरच उभे राहिले. त्याची दुसरी बाजू अशी की आता कुणी कुणाला एका हंगामापुरताही कुणगा देत नाही. दिला की गेला, ही धास्ती. मालक मुंबईत, मुले पोर्तुगालच्या पासपोर्टवर इंग्लंडमध्ये, मेरा (बांध) फुटलेल्या. अशा मातीत पाच-दहा वर्षे ना अळसांदा ना कुळीथ. खाली काय उरले असेल ते तपासायलाही कुणी तिथे खुरपी लावत नाही. पाकिटाचा उपयोग व्हायचा तो नेमका याच कुणग्यांत, आणि तिथेच पेरणारा माणूस नाही. सरकारने पाकिटे फुकट वाटली, शिबिरे घेतली, तरी कृषी कार्ड दाखवून पाकीट नेणारे आम्हीच, ज्यांच्या शेतात जिवाणू आधीच नांदत आहेत.

आमच्या शेजारचा एक कुणगा मुंबईला असलेल्या एका कुटुंबाचा आहे. यंदा चतुर्थीला ते गावी आले तेव्हा मी विषय काढला. दोन दिवस ते काही बोलले नाहीत. विसर्जनानंतर स्वतःच घरी आले, चहा घेतला आणि अटी सांगितल्या: लिहून काही द्यायचे-घ्यायचे नाही, मार्चअखेर कुणगा मोकळा, आणि पायलीभर अळसांदे मुंबईला पोचते करायचे. मी हो म्हटले. दिरांना हा सौदा वेडेपणाचा वाटतो आणि चुन्याचे पैसे कोण घालणार हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. एका हंगामासाठी दुसऱ्याच्या जमिनीचा सामू सुधारायला कोण जातो? निम्मा चुना मी माझ्या पगारातून घालायचे ठरवले आहे. आमच्या कुणग्यात या वर्षी पाकीट लावणार नाही, त्या पडीक कुणग्यात लावणार, आणि मधल्या दोन ओळी मुद्दाम तशाच सोडणार. भात अजून कापायचे आहे. पाकीट आत्ता आणून ठेवले तर घरात आमच्या फ्रिजवरून भांडण, म्हणून ते कापणी उरकल्यावरच आणायचे.